एका सर्व्हरवर तीस संगणक? आधी अर्थिंग तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तंत्रज्ञान परिषदांच्या बातम्या आता जिल्हा आवृत्त्यांतही येतात, ही चांगली गोष्ट आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये लास वेगासला ‘व्हीएमवेअर एक्सप्लोर’ परिषद झाली; व्हीएमवेअर म्हणजे एका सर्व्हरमध्ये अनेक संगणक चालवण्याचे सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. तिथे खासगी क्लाउड (संस्थेच्या स्वतःच्याच सर्व्हरांवरची सेवा) आणि एआय यांचाच गजर होता. अशा बातम्या आल्या की तालुक्याच्या गावातली महाविद्यालये, शाळा आणि पतसंस्था विचारू लागतात, आपणही तीस संगणकांऐवजी एक मोठा सर्व्हर घ्यावा का? पाठोपाठ विक्रेत्यांची कोटेशने येतात. पण बातमी सॉफ्टवेअरची असते आणि विदर्भातल्या खेड्यापाड्यांत हा निर्णय लाइन, गरमी, केबल आणि बॅकअप यांच्यावर ठरतो. त्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एका दणकट संगणकात सॉफ्टवेअरच्या बळावर अनेक स्वतंत्र संगणक चालवणे. एका वाड्यात चार बिऱ्हाडे राहावीत तसे. प्रत्येकाची चूल वेगळी, पण पाया आणि विहीर एकच. आतल्या अशा प्रत्येक संगणकाला व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणतात आणि त्या दणकट संगणकाला यजमान यंत्र. सर्व्हरची अशी बिऱ्हाडे केली की ते सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन. विद्यार्थ्यासमोर नुसता पडदा, कीबोर्ड आणि त्याचा संगणक मात्र दूर सर्व्हरमध्ये, हे डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन. या दोन्ही गोष्टी एकाच कोटेशनमध्ये बांधून विकल्या जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आमचे स्पष्ट मत असे की पतसंस्था आणि महाविद्यालयांनी पहिली गोष्ट जरूर करावी. दुसरी गोष्ट तीस आसनांच्या प्रयोगशाळेसाठी विकत घेऊ नये, कारण त्याच जागी एक स्वस्त आणि टिकाऊ मार्ग उपलब्ध आहे.

आधी बाजारात काय बदलले ते पाहू. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर कंपनी ताब्यात घेतली आणि डिसेंबरपासून कायमस्वरूपी परवाने विकणे बंद केले. आता फक्त वर्गणी, तीही प्रोसेसरच्या कोअरप्रमाणे (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्र गणकभाग), आणि प्रत्येक प्रोसेसरला किमान १६ कोअर धरून. म्हणजे तुमचा प्रोसेसर आठ कोअरचा असला तरी पैसे सोळांचे. लहान संस्थांना खरा मार बसला तो इथे. व्हीएमवेअरचे मोफत मिळणारे ईएसएक्सआय (सर्व्हरवर व्हीएम चालवणारे मूळ सॉफ्टवेअर) फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाले आणि एप्रिल २०२५ मध्ये परत आले. ईएसएक्सआय ज्याचा भाग आहे त्या व्हीस्फिअर ७ ची साधारण सेवा २ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, ८ ची ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे. जुनी आवृत्ती तशीच चालवत राहणे किती महागात पडते ते फेब्रुवारी २०२३ मध्ये जगाने पाहिले. ‘ईएसएक्सआय-आर्ग्ज’ या खंडणीखोर विषाणूने ज्या भगदाडातून हजारो सर्व्हर कुलूपबंद केले, त्याची दुरुस्ती दोन वर्षे आधीपासून उपलब्ध होती. ती बसवलेली नव्हती, एवढेच.

याला पर्याय आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या गाभ्यात (कर्नलमध्ये) २००७ पासून केव्हीएम हे व्हर्च्युअलायझेशन आलेले आहे. त्यावर बांधलेले, व्हिएन्नाच्या कंपनीचे प्रॉक्समॉक्स व्हीई मोफत आणि मुक्त परवान्याचे आहे. लेखा, ग्रंथालय आणि फाइल साठवण अशा तीन-चार कामांसाठी ते पुरून उरते. आठ कोअरचा एक प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी (चुका स्वतः दुरुस्त करणारी) रॅम आणि ९६० जीबीचे दोन सर्व्हर दर्जाचे एसएसडी, एवढ्यावर तालुक्याच्या पतसंस्थेचे सगळे काम चालते. लेख्याच्या व्हीएमला ४ कोअर आणि ८ ते १२ जीबी, ग्रंथालयाला २ कोअर आणि ४ जीबी द्यावेत. चतुर्थांश रॅम यजमान यंत्राला मोकळी ठेवावी.

एसएसडीचा ‘सर्व्हर दर्जा’ म्हणजे विक्रेत्याचा शब्द नव्हे. त्या एसएसडीत वीज अचानक गेल्यावर हातातले लिखाण पूर्ण करण्यापुरते कपॅसिटर असतात. साध्या एसएसडीत ते नसतात. लाइन दिवसातून चारदा जात असेल तर हा फरक कागदावरचा राहत नाही. शिवाय साधा एसएसडी झेडएफएसखाली (डिस्कवरची माहिती सांभाळणाऱ्या प्रॉक्समॉक्समधल्या पद्धतीखाली) टाकला की प्रत्येक नोंद पक्की होईपर्यंत लिखाण रेंगाळते आणि लेख्याचे सॉफ्टवेअर ‘हँग’ होते. मग दोष प्रॉक्समॉक्सला दिला जातो. आणखी एक चूक नेहमी होते, ती म्हणजे रेड कार्डच्या (अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या कार्डच्या) वर पुन्हा झेडएफएस बसवण्याची. दोघांपैकी एकच ठेवावे. झेडएफएस हवे असेल तर कार्ड एचबीए मोडमध्ये टाकावे, म्हणजे डिस्क सरळ दिसतात. आवृत्ती ८.१ च्या आधी बसवलेल्या प्रॉक्समॉक्समध्ये झेडएफएस कॅशसाठी निम्म्यापर्यंत रॅम घेते, ती मर्यादा हाताने कमी करावी लागते. बसवल्यानंतर पहिले अपडेट ४०१ असा दोष दाखवून थांबते, कारण मूळ सेटिंग सशुल्क रेपॉझिटरीचे (अपडेटच्या भांडाराचे) असते. ते बंद करून वर्गणीविना चालणारी रेपॉझिटरी चालू करावी. लॉगिनच्या वेळी वर्गणी नसल्याची सूचना दिसते, तो बिघाड नाही.

आणखी एक सांगतो, कारण ही चूक हौसेने केली जाते. दोन सर्व्हर घेऊन त्यांचा क्लस्टर (एकत्र चालणारा गट) करू नये. दोघांपैकी एक बंद पडला की उरलेल्याकडे बहुमत राहत नाही. चालू व्हीएम चालत राहतात, पण बंद झालेली व्हीएम सुरू करता येत नाही आणि सेटिंग बदलता येत नाही. तिसऱ्या मतासाठी एखादे छोटे यंत्र जोडावे लागते. त्यापेक्षा दुसरे यंत्र वेगळे ठेवून त्यावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर चालवावा, हे लहान संस्थेला जास्त उपयोगाचे.

ज्यांच्याकडे जुने ईएसएक्सआय आहे त्यांनी स्थलांतराचा क्रम पाळावा. आधी पूर्ण बॅकअप. मग सगळे स्नॅपशॉट (व्हीएमच्या त्या-त्या क्षणाच्या जपलेल्या अवस्था) काढून टाकावेत, नाहीतर आयात रखडते. विंडोज व्हीएममध्ये व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी डिस्क व नेटवर्क कार्डाचे) ड्रायव्हर बसवावेत आणि व्हीएमवेअर टूल्स तिथेच, जुन्या घरी असतानाच काढावेत. नव्या घरी गेल्यावर ते निघता निघत नाहीत. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) वहीत लिहून ठेवावा, कारण नेटवर्क कार्ड बदलते आणि विंडोजमधले जुने अदृश्य कार्ड तो पत्ता धरून बसते. जुनी व्हीएम बायोसवर होती की यूईएफआयवर (यंत्र सुरू करण्याची जुनी आणि नवी पद्धत), हे पाहून नव्या ठिकाणी तेच निवडावे. चुकल्यास डिस्क धड असूनही सुरूच होत नाही. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून थेट आयात करण्याची सोय आहे. तिने आणल्यावर पहिला बूट साटा (विंडोजला आधीपासून ओळखता येणारी साधी) डिस्क म्हणून करावा, सोबत एक जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडावी म्हणजे विंडोज तो ड्रायव्हर उचलते, आणि मग मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यावी. घाई करून थेट नेली तर निळा पडदा ठरलेला. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) लावलेले असेल तर त्याची रिकव्हरी की आधी छापून ठेवावी, कारण आभासी टीपीएम (कुलपाच्या किल्ल्या ठेवणारी चिप) सोबत येत नाही. काही सॉफ्टवेअरचा परवाना नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला (कार्डाच्या ओळख-क्रमांकाला) किंवा यूएसबी डोंगलला (परवाना ठेवणाऱ्या कांडीला) बांधलेला असतो. तिथे मॅक जुनाच ठेवावा आणि डोंगल त्या व्हीएमला थेट जोडावा.

आता प्रयोगशाळेकडे. विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० तसेच इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. शाळा-महाविद्यालयांतली चौथ्या-पाचव्या पिढीची यंत्रे यात बसत नाहीत. याच धास्तीवर थिन क्लायंट (दूरच्या सर्व्हरला नुसता पडदा-कीबोर्ड जोडणारी छोटी यंत्रे) विकले जात आहेत. शैक्षणिक संस्थांसाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव दुरुस्तीचा दर पहिल्या वर्षी यंत्रामागे १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २ आणि तिसऱ्या वर्षी ४ डॉलर ठेवला आहे. तो व्हॉल्यूम (संस्थांच्या एकगठ्ठा) परवान्यातून घ्यावा लागतो. म्हणजे चालू यंत्रे भंगारात काढण्याची घाई नाही. कोटेशनवर सही करण्याआधी व्यवस्थापनाला हे माहीत असायला हवे.

तीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक विंडोज व्हीएम द्यायची म्हटले तर ४ जीबीने १२० जीबी आणि ब्राउझर नीट चालायचा तर ८ जीबीने २४० जीबी रॅम लागते. सकाळच्या तासाला तीसही मशीन एकदम सुरू होतात. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला सेकंदाला शंभरच्या आसपास वाचन-लेखनच जमते, त्यामुळे तास संपत आला तरी पडदे फिरत राहतात. एसएसडीने हे सुटते, पण परवान्याचे सुटत नाही. संगणकासोबत आलेला ओईएम विंडोज परवाना व्हीएममध्ये नेता येत नाही. थिन क्लायंटवरून विंडोज डेस्कटॉप वापरायला त्याचा वेगळा परवाना लागतो. विंडोज सर्व्हरवर सगळ्यांना सत्रे द्यायची तर सर्व्हरचा कॅल (प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा यंत्रासाठी लागणारा वापर-परवाना) आणि त्यावर रिमोट डेस्कटॉपचा कॅल, असे दोन. तो दुसरा कॅल न घेताही यंत्रणा १२० दिवस चालते, मग जोडणी नाकारते. विक्रेत्याने जूनमध्ये बसवून दिली तर दिवाळीच्या सुमारास प्रयोगशाळा अचानक बंद, आणि बिल तर केव्हाच चुकते झालेले! कोटेशनमध्ये कॅलची ओळ आणि संख्या स्वतंत्र लिहिलेली नसेल तर ते कोटेशन अपुरे समजावे. मूल्यमापनासाठीची विंडोज सर्व्हर प्रत १८० दिवसांची असते, तीही अशीच कुणाच्या तरी गळ्यात पडते.

या सगळ्याला आमचा पर्याय एलटीएसपी. १९९९ पासून चालत आलेला हा मुक्त प्रकल्प आहे. यात विद्यार्थ्याचा जुना संगणक नेटवर्कवरून लिनक्स उचलतो आणि स्वतःच्याच प्रोसेसर-रॅमवर चालवतो. सर्व्हर फक्त प्रतिमा (लिनक्सची तयार प्रत) आणि विद्यार्थ्यांच्या फाइली देतो. त्यामुळे सर्व्हरला प्रचंड रॅम लागत नाही. १६ जीबीचा, एसएसडी असलेला साधा डेस्कटॉपही तीस यंत्रांना पुरतो. विद्यार्थ्याच्या यंत्रात हार्ड डिस्क मेलेली असली तरी चालते, रॅम मात्र ४ जीबी हवी. सॉफ्टवेअर एकदा सर्व्हरवर बसवायचे, प्रतिमा पुन्हा बनवायची आणि तीस यंत्रे पुन्हा सुरू करायची. नवे विद्यार्थी जोडले की इनिटआरडीही (यंत्र सुरू होताना आधी उतरणारा फाइलींचा गठ्ठाही) पुन्हा बनवावा लागतो. तो विसरला की नव्या मुलाचे लॉगिन होत नाही आणि जुन्यांचे होते, मग तास तिथेच अडतो.

इथे सगळा भार नेटवर्कवर येतो. एक यंत्र सुरू होताना साधारण ४०० एमबी खेचते असे धरा. तीस यंत्रांचे १२ जीबी. गीगाबिट स्विचवर ते सुमारे दोन मिनिटांत होते, शंभर मेगाबिटच्या जुन्या स्विचवर अठरा मिनिटे लागतात. गीगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. पैसे वाचवायला एका केबलच्या चार-चार तारा करून दोन संगणक जोडलेले असतील तर ते शंभरावरच अडकणार. बाजारात कॅट ६ (गीगाबिटची नेटवर्क केबल) म्हणून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तारही विकली जाते. ती दाबताना तुटते आणि दोन पावसाळ्यांत जोड काळे पडतात. तार खरवडून पाहावी, आतून पांढरी निघाली तर परत करावी. उंदरांचा त्रास असेल तिथे पाइपाशिवाय केबल टाकूच नये. राउटर आणि सर्व्हर दोघेही आयपी वाटू लागले तर काही यंत्रे सुरू होतात, काही होत नाहीत. म्हणून एलटीएसपीचे डीएनएसमास्क (आयपी वाटणारे सॉफ्टवेअर) प्रॉक्सी पद्धतीने चालवावे, म्हणजे आयपी राउटरच वाटतो. यूईएफआय यंत्रांत सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) बंद करावे.

आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल सगळ्या जुन्या यंत्रांत एकदम बदलून घ्यावा. तो मेला की प्रत्येक वेळी लाइन गेल्यावर तारीख मागे जाते, नेटवर्क बूटचा क्रम पुसला जातो आणि चुकीच्या तारखेमुळे संकेतस्थळेही उघडत नाहीत. ‘सर्व्हर खराब आहे’ या तक्रारींमागे हा सेल असू शकतो, म्हणून तक्रार आली की आधी यंत्राची तारीख पाहावी.

जे काम विंडोजशिवाय होत नाही ते वेगळे ठेवावे. ऑनलाइन परीक्षेची बरीच सॉफ्टवेअर व्हीएम ओळखतात आणि चालायला नकार देतात, त्यासाठी खरी यंत्रे राखावीत. सेवा केंद्रातले बोटांच्या ठशांचे यंत्र त्याच खिडकीवरच्या संगणकाला जोडलेले राहू द्यावे. डिजिटल सहीचा टोकन सर्व्हरला लावून रिमोट डेस्कटॉपवरून सही करायला गेले तर तो सत्रात दिसत नाही. टोकन ज्याच्यासमोर बसला आहात त्या यंत्राला लावावा. शहरातल्या क्लाउडवर डेस्कटॉप ठेवण्याचा सल्ला मिळतो, त्याबद्दल एवढेच की साध्या कामालाही माणशी एक-दोन एमबीपीएस धरले तर तीस जणांना ३० ते ६० एमबीपीएस अखंड लागते आणि फायबर कुठे खोदकामात तुटली की अख्खा वर्ग बसून.

आता लाइनबद्दल. सर्व्हरसाठी ऑनलाइन यूपीएसच (लाइन गेल्यावर पलटावे न लागता अखंड वीज देणारा) हवा. घरगुती इन्व्हर्टर पलटताना दहा-वीस मिलिसेकंद किंवा जास्त घेतो आणि सर्व्हरचा पॉवर सप्लायही जेमतेम तेवढाच तग धरतो. कधी पार पडतो, कधी नाही. हिशोब असा. १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन बॅटऱ्यांत कागदावर ३,६०० वॅटतास असतात. बॅटरी निम्मी वापरून आणि यूपीएसचा खर्च वजा करून हाती दीड हजार उरतात. सर्व्हर, स्विच आणि राउटर मिळून ४०० वॅट घेत असतील तर ते पावणेचार तास चालतील. डीपी जळाली तर एवढ्याने भागत नाही. म्हणून यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडून ‘नट’ हे सॉफ्टवेअर बसवावे आणि बॅटरी ५० टक्क्यांवर आली की आधी व्हीएम, मग यजमान यंत्र, असे आपोआप बंद होऊ द्यावे. ही तार डब्यातच राहते आणि रात्री दोन वाजता डेटाबेस फाटतो. लाइन आल्यावर लगेच सुरू होण्याऐवजी पाच-दहा मिनिटे थांबवावे, कारण पहिली काही मिनिटे व्होल्टेज वर-खाली होते.

अर्थिंगचा मुद्दा आपल्या काळ्या जमिनीमुळे वेगळा आहे. उन्हाळ्यात ही माती आकसते, भेगा पडतात आणि अर्थिंगच्या पाइपाभोवती पोकळी तयार होते. पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मे महिन्यात नावापुरते उरते. मार्चपासून दर आठवड्याला खड्ड्यात बादलीभर पाणी घालावे आणि सॉकेटमध्ये न्यूट्रल व अर्थ यांच्यातला व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावा. दोन-तीन व्होल्टच्या वर गेला तर वायरमनला बोलवावे. खारपाणपट्ट्यात पाइप आणि क्लॅम्प लवकर गंजतात, तिथे वर्षातून एकदा क्लॅम्प उघडून घासून घ्यावा.

सर्व्हरच्या पुढच्या बाजूने आत जाणारी हवा साधारण ३५ अंशांच्या आत हवी. नवतप्यात बाहेर ४५ असताना पत्र्याच्या खोलीत ते अशक्य आहे. ३०० वॅटचा सर्व्हर तासाला हजारभर बीटीयू उष्णता देतो आणि एक टनाचा एसी १२,००० काढतो, त्यामुळे लहान, सावलीतल्या, बंद खोलीत एक टन भरपूर होतो. कूलर मात्र सर्व्हरसमोर कधीच लावू नये. त्यातले तुषार आणि क्षार बोर्डावर बसतात. जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू पंख्यांत अडकतात, तेव्हा दर पंधरा दिवसांनी यंत्र बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअर मारावा.

बॅकअपबद्दल शेवटी लिहितो आहोत, पण खरेदी करताना तो पहिला धरावा. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्कसोबत जातो. जुने स्नॅपशॉट साचले की साठवण भरते आणि व्हीएम मध्येच थांबतात. रोज रात्री दुसऱ्या यंत्रावर, आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क संस्थेच्या इमारतीबाहेर, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा अध्यक्षांच्या घरी. इंटरनेटवरून ५०० जीबी पाठवायचे तर २० एमबीपीएस अपलोडला ५५ तास लागतात, पिशवीतून नेलेली डिस्क पाच मिनिटांत पोहोचते. बॅकअपच्या यंत्राचा पासवर्ड सर्व्हरच्या पासवर्डपेक्षा वेगळा हवा, नाहीतर खंडणीखोर दोन्ही एकदम कुलूपबंद करतात. प्रॉक्समॉक्सचे ८००६ पोर्ट (व्यवस्थापनाच्या पानाचे दार) इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत एक व्हीएम बॅकअपमधून वेगळ्या नावाने, नेटवर्क तोडून उभी करावी. त्यातली कालची शेवटची पावती क्रमांकासह दिसते का ते लिपिकाने स्वतः पाहावे आणि लागलेला वेळ वहीत तारखेसह लिहावा. पासवर्ड, आयपी पत्ते आणि सुरू-बंद करण्याचा क्रम एका बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे किंवा व्यवस्थापकांकडे असावा. विक्रेत्याचे अंतिम बिल ही चाचणी त्याच्यासमोर पार पडल्यावरच द्यावे, आणि ही अट खरेदीच्या आदेशात आधीच लिहावी.

आपले,
संगणक प्रयोगशाळा व सर्व्हर सांभाळणारे शिक्षक आणि तंत्रज्ञ,
दर्यापूर, जि. अमरावती